आवाज पाहण्याची विद्या: स्वरतंतूंचे कार्य आणि त्यांची तपासणी

मानवी आवाज ज्या दोन पडद्यांपासून निघतो ते स्वरतंतू गळ्यात इतके खोल आणि अशा वळणावर आहेत की तोंड कितीही मोठे उघडले, जीभ कितीही बाहेर काढली, तरी समोरच्या माणसाला ते दिसत नाहीत. त्यामुळे आवाजाविषयी माणसाने हजारो वर्षे जे जाणले ते कानाने आणि अंगातल्या कंपनांच्या जाणिवेने जाणले; जिवंत, बोलत्या माणसाचे स्वरतंतू प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून मिळालेले ज्ञान जेमतेम पावणेदोनशे वर्षांचे आहे. आवाज बसला की तो ऐकूनच आजार ओळखण्याची सवय आजही आपल्याकडे मोठी आहे, आणि या विषयात ती सर्वांत कमी भरवशाची आहे.

नाशिक जिल्ह्यात आवाजावर पोट असणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. गोदाघाटावरचे पुरोहित, निवृत्तिनाथांच्या पौष वारीला त्र्यंबकेश्वरी जमणारे कीर्तनकार, कालिदास कलामंदिरात उभे राहणारे नट, शाळाशाळांतील शिक्षक आणि लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगांमधून चालत कांद्याचे भाव पुकारणारे लिलावदार या सर्वांचे भांडवल एकच असते. ध्वनिवर्धकाचा आधार नसलेल्या काळात बुलंद गायकीसाठी ओळखले गेलेले पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिक शहरात रामनाम आधार आश्रम स्थापन केला. नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हा आप्पासाहेब बेलवलकरांची भूमिका उभी करणारे डॉ. श्रीराम लागू हे शिक्षणाने आणि व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. पुण्यात आणि टांझानियात वैद्यकी केल्यानंतर १९६९ साली ते पूर्णवेळ नट झाले, तेही नाशिकच्याच वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकातून. इतरांचे स्वरतंतू तपासणाऱ्या माणसाने स्वतःचे स्वरतंतू रंगभूमीला वाहावेत, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. याशिवाय राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांतून कान-नाक-घसा विषयाची पदव्युत्तर पदवी देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८पासून नाशिकमध्येच आहे.

स्वरयंत्र म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेली, उपास्थींची म्हणजे कूर्चांची बनलेली एक पोकळ पेटी. पुरुषांच्या गळ्यावर जो उंचवटा दिसतो तो यातील सर्वांत मोठ्या, ढालीच्या आकाराच्या उपास्थीचा पुढचा कोन होय. तिच्या खाली अंगठीच्या आकाराची मुद्रिका उपास्थी असते, आणि या अंगठीच्या मागच्या रुंद भागावर दोन छोट्या, पळीच्या आकाराच्या उपास्थी बसलेल्या असतात, ज्या स्वतःभोवती फिरू शकतात आणि एकमेकींजवळ सरकूही शकतात. दोन्ही स्वरतंतू पुढे ढालीच्या आतल्या कोनात एकाच ठिकाणी घट्ट जोडलेले असतात आणि मागे प्रत्येक तंतू आपापल्या बाजूच्या पळीला जोडलेला असतो; म्हणून पळ्या बाहेर फिरल्या की तंतूंमध्ये त्रिकोणी फट पडते आणि आत फिरल्या की ती मिटते. या फटीला स्वरद्वार म्हणतात. प्रौढ पुरुषात स्वरतंतूंची लांबी साधारण १७ ते २१ मिलिमीटर आणि स्त्रियांत ११ ते १५ मिलिमीटर असते. पुरुषाचा आवाज ढाला आणि स्त्रीचा उंच असण्याचे मुख्य कारण या काही मिलिमीटरांत आणि तंतूंच्या जाडीत आहे.

निसर्गाने ही फट मुळात गाण्यासाठी घडवलेली नाही. तिचे पहिले काम श्वासनलिकेची राखण करण्याचे आहे. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, कंठच्छद नावाचे पानाच्या आकाराचे झाकण मागे झुकते आणि स्वरतंतू घट्ट मिटतात, त्यामुळे अन्न आणि पाणी मागच्या अन्ननलिकेत उतरते. या व्यवस्थेत क्षणभर गफलत झाली तर जो जीवघेणा ठसका लागतो तो याच राखणदारीचा दुसरा टप्पा असतो. कांद्याची गोणी पाठीवर घेणारा हमाल उचलण्याच्या क्षणी श्वास कोंडून धरतो आणि ओझे टेकवताना त्याच्या तोंडून हुंकार बाहेर पडतो, तेव्हाही हेच स्वरतंतू मिटून छातीतली हवा अडवतात आणि छातीच्या पिंजऱ्याला ताठपणा देतात. ज्येष्ठमध, खडीसाखर आणि काढा थेट स्वरतंतूंना लागून आवाज सुधारतात, या लोकप्रिय समजुतीचे उत्तरही येथेच मिळते: गिळलेला कोणताही पदार्थ स्वरतंतूंना लागत नाही, आणि लागलाच तर ठसका बसतो. या उपायांनी घशाला वाटणारा आराम खोटा नाही, परंतु तो वरच्या घशाला आणि वाढलेल्या लाळेमुळे मिळणारा आराम असतो.

आवाज निर्माण होताना स्नायू पळ्यांना जवळ आणतात, तंतू मिटतात आणि फुप्फुसांतून येणारी हवा त्यांच्याखाली कोंडते. साध्या बोलण्यात हा दाब पाण्याच्या सुमारे ५ ते १० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. दाब पुरेसा झाला की तंतू खालच्या कडेकडून वरच्या कडेकडे उघडत जातात, हवेचा एक झोत सुटतो, आणि मग तंतूंची लवचिकता व झोताच्या वेगामुळे कमी झालेला दाब या दोहोंमुळे ते पुन्हा, तेही खालच्या कडेपासूनच, मिटतात. बोलताना पुरुषात हे उघडणे-मिटणे सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा आणि स्त्रियांत सुमारे २०० वेळा घडते. प्रत्येक हेलकाव्यासाठी मेंदूकडून स्वतंत्र आज्ञा जाते असा सिद्धान्त फ्रान्सच्या राऊल ह्युसाँ यांनी १९५०च्या सुमारास मांडला होता, परंतु मृत शरीरातून काढलेल्या स्वरयंत्रातही खालून हवा फुंकली की स्वर निघतो हे योहानेस म्युलर यांनी १८३०च्या दशकातच दाखवून ठेवलेले असल्यामुळे तो टिकला नाही, आणि १९५८ साली यानविलेम व्हान डेन बर्ग यांनी लवचिकता व वायुप्रवाह यांच्या संयुक्त कार्याचे जे विवेचन केले तेच आज सर्वमान्य आहे. मेंदू आणि स्नायू तंतूंची लांबी, ताण आणि जवळीक ठरवतात. कंप घडवते ती हवा.

हा कंप इतका सुलभ होण्याचे कारण तंतूंच्या रचनेत आहे. जपानचे मिनोरू हिरानो यांनी १९७०च्या दशकात दाखवले की स्वरतंतू ही एकसंध पट्टी नसून थरांची रचना आहे: सर्वांत आत स्नायू, त्यावर चिवट तंतूंचे दोन थर, त्यावर खरवसासारखा मऊ आणि थरथरणारा एक थर आणि सर्वांत वर पातळ त्वचा. वरचे दोन थर आतल्या स्नायूवर सैलपणे सरकू शकतात आणि कंपनाच्या वेळी त्यांच्यावरून एक लाट आतून बाहेर धावते. आवाजाची सारी गोडी या लाटेवर अवलंबून आहे. मऊ थरात सूज, गाठ किंवा व्रण उरला की लाट अडखळते आणि आवाज घोगरा होतो. तंतूंपाशी निघणारा मूळ ध्वनी मात्र केवळ एक भणभण असते. तिला ‘अ’, ‘ई’, ‘ऊ’ यांचे रूप आणि माणसामाणसाची ओळख घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळ्यांतून मिळते.

न पाहताही भारतीय परंपरेने यातील बरेच काही ओळखले होते. तैत्तिरीय प्रातिशाख्यात कंठ मिटलेला असता नाद, उघडा असता श्वास आणि मधल्या अवस्थेत हकार निर्माण होतो, असा विचार येतो. ‘क’ अघोष आणि ‘ग’ घोष का, याचे हे उत्तर इतके नेमके आहे की युरोपीय भाषाशास्त्राला ते एकोणिसाव्या शतकात संस्कृत ग्रंथांतून शिकावे लागले. गळ्यावर बोट ठेवून प्रथम लांब ‘स्स्स’ आणि नंतर ‘म्म्म’ म्हणून पाहिले तर पहिल्या उच्चारात काही जाणवत नाही आणि दुसऱ्यात बोटाखाली थरथर लागते. प्रातिशाख्यकारांचे साधन बहुधा याहून वेगळे नसावे. संगीताच्या बाजूने शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ यादवांच्या देवगिरीत तेराव्या शतकात लिहिला गेला. याच यादवांची आरंभीची राजधानी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर होती. शार्ङ्गदेवाने मंद्र स्वराचे स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मस्तक असे सांगितले. गाणाऱ्याला कंप जाणवतात ते तेथेच, म्हणून अनुभव म्हणून हे वर्णन अचूक आहे. परंतु तिन्ही सप्तकांतला स्वर त्याच दोन पडद्यांपासून निघतो, खालच्या स्वरात ते आखूड व जाड राहून भरभक्कम मिटतात आणि वरच्या स्वरात ताणले जाऊन केवळ पातळ कडांनी कंप पावतात, हे कळण्यासाठी गळ्यात डोकावणे आवश्यक होते.

ते प्रथम यशस्वीपणे केले ते एका गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया हे मूळचे स्पॅनिश, पॅरिस आणि लंडन येथे शिकवणारे गुरू. १८४१ साली आवाज बिघडलेली स्वीडनची तरुण गायिका जेनी लिंड त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी तिला आधी कित्येक आठवडे मौन पाळायला लावले आणि मगच शिकवायला घेतले. स्वरतंतू कोणी पाहिलेले नसतानाही विश्रांतीचा हा उपाय बरोबर ठरला. १८५४ साली पॅरिसमध्ये त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा विकत घेतला, तो कोमट करून स्वतःच्या घशात टेकवला आणि हातातील दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःचेच स्वरतंतू उघडताना-मिटताना पाहिले. पुढच्याच वर्षी त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. वैद्यांनी त्याकडे प्रारंभी फारसे लक्ष दिले नाही, आणि तीनच वर्षांनी व्हिएन्नाचे ट्युर्क आणि चेर्माक हे दोन वैद्य त्याच आरशाच्या श्रेयासाठी भांडू लागले; कृत्रिम दिव्याचा प्रकाश मध्ये भोक असलेल्या अंतर्वक्र आरशाने घशात टाकण्याची युक्ती चेर्माक यांची, म्हणून ढगाळ दिवशीही तपासणी शक्य झाली. गार्सिया १०१ वर्षे जगले. रुग्णालयांतून हाती घेतला जाणारा तो आरसा वैद्यकाला एका गवयाने दिलेला आहे, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना थोडे आग्रहाने सांगण्यासारखे आहे.

ही तपासणी आजही कशी केली जाते ते जवळून पाहण्याजोगे आहे. रुग्ण ताठ बसून थोडा पुढे झुकतो आणि जीभ बाहेर काढतो. डॉक्टर ती जाळीदार कापडाच्या घडीत धरतात, कारण ओली जीभ नुसत्या बोटांत टिकत नाही आणि खालच्या दातांवर घासून तिला इजा होऊ शकते. श्वासाच्या वाफेने काच धुरकटू नये म्हणून आरसा स्पिरिटच्या दिव्यावर शेकतात आणि घशात घालण्याआधी त्याची पाठ स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूला लावून तो फार तापलेला नाही ना, याची खात्री करतात. मग आरशाने पडजीभ अलगद वर उचलली जाते आणि रुग्णाला ‘ई’ म्हणायला सांगितले जाते. ‘आ’ नव्हे, कारण ‘ई’ म्हणताना जिभेचे मूळ पुढे सरकते, कंठच्छद उचलला जातो आणि खालचा मार्ग मोकळा होतो. आरशात भोवतालच्या गुलाबी अस्तरात दोन शुभ्र पट्ट्या दिसतात. प्रतिबिंबात पुढची बाजू वर आणि मागची खाली येते, श्वास घेताना पट्ट्या दूर होतात आणि स्वर काढताना मध्यरेषेवर येऊन भेटतात. एक पट्टी हलली नाही, कडेला गाठ दिसली, मिटताना फट राहिली किंवा पांढरट खरखरीत चट्टा आढळला, तर पुढचा मार्ग ठरतो. काहींना मात्र आरसा टेकताच उमासे येतात, आणि त्यांच्याबाबतीत ही साधी पद्धत निरुपयोगी ठरते.

अशा वेळी तोंडातून जाणारी, टोकाशी ७० किंवा ९० अंशांत पाहणारी ताठ दुर्बीण, किंवा नाकातून जाणारी लवचिक दुर्बीण वापरतात. जपानमध्ये सावाशिमा आणि हिरोसे यांनी १९६८ साली काचतंतूंची बारीक लवचिक दुर्बीण प्रचारात आणली, आणि प्रथमच बोलताना, गाताना, गिळताना स्वरयंत्र कसे वागते ते पाहता आले, कारण येथे जीभ बाहेर धरून ठेवावी लागत नाही. गायकाला तक्रार एखाद्या विशिष्ट तानेपुरती असेल तर ती तान गाऊन दाखवतानाच तपासणी करता येते. ताठ दुर्बिणीचे चित्र अधिक स्वच्छ आणि लवचिक दुर्बिणीचे अधिक स्वाभाविक असते. दोन्हींची गरज आहे.

परंतु नुसत्या डोळ्यांना, दुर्बीण कितीही चांगली असली तरी, सेकंदाला २०० वेळा हलणारी कड केवळ धूसर दिसते. यावरची युक्ती म्युनिकचे मॅक्स योझेफ एर्टेल यांनी १८७८ साली योजली. स्वर सेकंदाला २०० कंपनांचा असेल आणि प्रकाश सेकंदाला १९९ वेळा लुकलुकवला, तर प्रत्येक झोतात तंतू आधीच्या झोताच्या किंचित पुढच्या अवस्थेत सापडतो, आणि या तुटक चित्रांची साखळी डोळ्यांना एकाच सावकाश हेलकाव्यासारखी भासते. एर्टेल यांनी भोके पाडलेली फिरती तबकडी वापरली; आजच्या स्ट्रोबोस्कोपी यंत्रात गळ्याला लावलेला सूक्ष्मध्वनिग्राहक स्वराची पट्टी ओळखतो आणि दिवा तिच्याशी जुळवून घेतो. लाट नीट धावते की नाही, दोन्ही तंतू समतोल हलतात की एक मागे राहतो, हे या तपासणीतच कळते. तिची मर्यादाही तिच्या युक्तीतच आहे: आवाज इतका तुटक झाला असेल की त्याला स्थिर पट्टीच उरली नाही, तर दिवा जुळत नाही, आणि तेव्हा सेकंदाला हजारो चित्रे टिपणारा कॅमेराच कामाला येतो.

या साधनांनी दिसणारे सर्वांत सामान्य दुखणे म्हणजे स्वरतंतूंवरच्या गाठी. २०० कंपनांच्या स्वरात तासभर बोलले आणि त्यातला निम्माच वेळ प्रत्यक्ष नादाचा धरला, तरी तंतू एकमेकांवर ३ लाख ६० हजार वेळा आपटतात. लिलावाच्या गलक्यात किंवा नाशिक ढोलाच्या दणदणाटात माणूस नकळत आवाज चढवतो. १९११ साली एतिएन लोंबार यांनी नोंदवलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया असून तीत आवाजाची पट्टीही चढते आणि आघातही कठोर होतात. आघात सर्वाधिक बसतो त्या, तंतूच्या कंप पावणाऱ्या भागाच्या मध्याजवळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर गाठी धरतात. त्यांवर पहिला उपचार शस्त्रक्रिया नसून वाचाचिकित्सकाच्या देखरेखीखाली बोलण्याची सवय बदलणे हा आहे, आणि अनेक गाठी तेवढ्याने विरतात. कुजबुजून बोलणे म्हणजे आवाजाची विश्रांती हा समज मात्र सोडून द्यावा. जोर लावून केलेली कुजबुज स्वरयंत्राला ताणतेच.

कधी स्वरतंतू निर्दोष असतात आणि त्यांना हलवणारा मज्जातंतू दुखावलेला असतो. हा मज्जातंतू मेंदूकडून सरळ स्वरयंत्राकडे येत नाही. तो आधी खाली उतरतो आणि डावा तर छातीत महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेऊन परत वर येतो. म्हणून फुप्फुसातील अर्बुद, क्षयाने सुजलेल्या लसिकाग्रंथी किंवा हृदयाचा वाढलेला डावा कप्पा यांची पहिली चाहूल कधी कधी बसलेल्या आवाजातून लागते. थायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत हा मज्जातंतू सुरीच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे अशा शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर स्वरतंतू पाहून ठेवणे हिताचे ठरते.

कर्करोगाच्या बाबतीत पाहण्याचेही टप्पे आहेत. १८८७ साली जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या स्वरतंतूवरील वाढीचा तुकडा ब्रिटिश घसातज्ज्ञ मॉरेल मॅकेंझी यांनी आरशाच्या साहाय्याने काढला, विख्यात विकृतिशास्त्रज्ञ फिर्खो यांना त्यात कर्करोग आढळला नाही, आणि जर्मन शल्यचिकित्सकांनी सुचवलेली शस्त्रक्रिया लांबणीवर पडली. पुढच्या वर्षी फ्रेडरिक सम्राट झाले तेव्हा गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवलेली होती आणि आवाज गेलेला होता. ९९ दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. वाढ दिसणे आणि वाढीचा योग्य, पुरेसा तुकडा हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६०च्या दशकात ऑस्कर क्लाइनझासर यांनी भूल देऊन, ताठ नळीतून शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वरतंतूंवर काम करण्याची जी पद्धत रुळवली, तिने ही उणीव भरून काढली. स्वरतंतूंचा कर्करोग मुख्यतः तंबाखूचा, त्यातही विडी-सिगारेटच्या धुराचा आजार आहे, आणि तंतूच्या कडेवर तो अगदी लहान असतानाच आवाज बदलतो. तंतूंत लसिकावाहिन्या विरळ असल्याने तो पसरतोही हळू. म्हणूनच आरंभीच्या अवस्थेत किरणोपचाराने किंवा लेझरने बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि बहुधा त्यांचा आवाजही राहतो.

सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज सामान्यतः दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे उलटूनही तो घोगराच राहिला, आणि विशेषतः माणूस धूम्रपान करणारा असेल, तर ज्येष्ठमध बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत. या तपासणीला पूर्ण भूल लागत नाही, रुग्णालयात राहावे लागत नाही, आणि नाक बधिर करणाऱ्या फवाऱ्यानंतर दुर्बीण आत जाऊन बाहेर यायला काही मिनिटेच पुरतात.